छान म्हटलं आणि होडी गळ्यात पडली

मंदी आली तेव्हा आमच्या दुबईच्या ऑफिसात सगळ्यात आधी झाडं मेली. कुंड्यांना पाणी घालायला एका कंपनीची माणसं यायची, ती यायची बंद झाली, आणि आपण उठून पेलाभर पाणी घालावं असं आमच्यापैकी कुणालाही वाटलं नाही. आम्ही सगळे टेबलावरच्या फोनकडे बघत बसलेलो. तो फोन गुरुवारी दुपारी वाजायचा. "जरा वर येता का? यल्ला, चला, दोन मिनिटं." वर गेलेला माणूस खाली यायचा तो ड्रॉवर रिकामा करायलाच. शुक्रवार-शनिवार सुट्टी, म्हणजे रडारड घरच्या घरी उरकावी अशी ती सोय. रविवारी आम्ही उरलेले त्याच्या खुर्चीवर डोळा ठेवून यायचो. मी असं करत करत फायनान्स मॅनेजरच्या खुर्चीपर्यंत पोचलो होतो. मागे रेललं की ती मऊ उसासा सोडायची. नोकरी गेलीच तर निदान टेकून जाईल, एवढी माझी तयारी झाली होती.

ऑफिस जुमेरा लेक टॉवर्समध्ये आणि घर शारजात. पूर्वी या दोन टोकांच्या मधल्या ट्रॅफिकला शिव्या देण्यात माझा दिवसाचा बराच वेळ सत्कारणी लागायचा. मंदीने रस्ते मोकळे केले आणि मी लवकर घरी पोचायला लागलो. पोचून करायचं काय, हा प्रश्न. आमच्या बिल्डिंगमधली मराठी घरं एकेक करून पुण्यामुंबईला परत चालली होती. जाणारे लोक फ्रीज विकायचे, सोफा विकायचे, पण तुळस कशी विकणार? ती आमच्या दारात आणून ठेवायचे. बाल्कनीत तुळशींची कॉलनी झाली होती. बायको पाणी घालता घालता विचारायची, "आपण गेलो की ह्या कुणाकडे?"

"आपण कुठे जातोय?" असं म्हणून मी खाली जायचो आणि धुतलेली गाडी पुन्हा पुसून यायचो.

मुलगी नववीत होती. तिची दहावी इथेच व्हावी, एवढंच आम्हा दोघांचं मागणं होतं. तिला विचारलं तर ती मोबाइलमधून मान वर न करता म्हणायची, "व्हॉटेव्हर, बाबा."

मला नोकरीत टिकवून धरलं होतं ते एका बंदराने. उत्तरेला, रास अल खैमाच्याही पुढे, डांबरी रस्ता कंटाळून थांबतो तिथे डोंगर सरळ समुद्रात उतरतात. गवताची काडी नसलेले, राखेच्या रंगाचे डोंगर. त्यांच्या मधून समुद्राची एक निमुळती जीभ आत घुसते, वळते आणि दिसेनाशी होते. तिकडचे लोक त्याला खोर म्हणतात. आमच्या कंपनीला तिथे रिसॉर्ट बांधायचं होतं, म्हणून ब्रोशरमध्ये मी त्याला फ्योर्ड केलं. फ्योर्ड हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदाच वापरत होतो. 'वाळवंटातलं नॉर्वे' हेही माझंच. नॉर्वे मी पाहिलेलं नव्हतं आणि तेव्हा वाळवंटही फक्त गाडीच्या काचेतून पाहिलेलं.

खोराच्या तोंडाशी ते बंदर. बंदर म्हणजे काय, तर दगड टाकून केलेली एक कोपरापासून वाकवलेल्या हातासारखी भिंत, तिच्या आत फायबरच्या काही होड्या, कोंबड्या झाकायच्या डालग्यासारख्या तारेच्या पिंजऱ्यांचे ढीग (ते मासे धरायचे सापळे), वाळत घातलेली बारीक मासळी आणि पुठ्ठे खाणाऱ्या बकऱ्या. रिसॉर्टचं काम थांबलेलं. पण थांबलं असं म्हणायचं नाही, 'स्लो झालंय' म्हणायचं, अशी ऑर्डर होती. आमचा बॉस दिल्लीचा. मालकापासून चहा आणणाऱ्यापर्यंत सगळ्यांना 'हबीबी' म्हणणारा. तो मला म्हणाला, "तू बस उधर जाता रह. रिलेशन बना के रख. प्रोजेक्ट ज़िंदा दिखना चाहिए."

म्हणून मी दर आठवड्याला तिकडे जायचो आणि प्रोजेक्ट जिवंत दिसावा म्हणून टाय लावून बकऱ्यांमध्ये उभा राहायचो.

रिलेशन बनवायचं होतं ते बंदरातल्या एका म्हाताऱ्याशी. सगळे त्याला नोखदा म्हणत, म्हणजे आपला नाखवा. पांढरी दाढी, डोक्याला गुंडाळलेलं फडकं, आणि बोलणं एकदम मुंबई गोदीतलं हिंदी, कारण तरुणपणी तो खजूर घेऊन गलबतावरून मुंबईला जायचा. पहिल्याच भेटीत त्याने मला विचारलं, "भाऊ का धक्का अभी है?"

मी पुण्याचा. भाऊच्या धक्क्यावर मी आयुष्यात गेलो नव्हतो. "है, है," म्हणालो, "एकदम फर्स्ट क्लास."

त्याने खूश होऊन माझ्या हातात एक अख्खी सुरमई ठेवली.

"नहीं चाचा, मैं वेजिटेरियन हूँ."

"बीमार है?"

"नहीं, नहीं. हम लोग खाता ही नहीं."

माझी त्याला दया आली असावी, पण मासा परत घेताना त्याचा चेहरा उतरला तो उतरलाच. पाहुण्याला द्यायची कॉफी आली नाही. मी परत निघालो.

दुसऱ्या दिवशी बॉसने झापलं आणि आमच्या पीआरओच्या ताब्यात दिलं. पीआरओ म्हणजे सरकारी कचेऱ्यांतली कामं करून आणणारा माणूस. आमचा मल्याळी होता आणि वर्षानुवर्षं इथे मुरलेला. तो म्हणाला, "सार, अरब आदमी कुछ देगा तो ना मत बोलो. कभी मत बोलो. इन्सल्ट होता है."

मी ते डोक्यात पक्कं बसवलं. माझं एक आहे, मला कुठलीही गोष्ट अर्धी कळली की मी ती पूर्ण श्रद्धेने पाळतो. पुढच्या भेटीपासून जे मिळेल ते मी घ्यायला लागलो. मासे आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या गोव्याच्या बाईंकडे जायचे. त्यांच्यासारखं आमच्यावर प्रेम त्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या कुणाचंच नव्हतं. बायको मात्र गाडीची डिकी उघडली की नाकाला पदर लावायची. "तुझी नोकरी नक्की कसली आहे? रोज विचारीन म्हणते."

त्यातच बॉसने आम्हा उरलेल्यांना एका ट्रेनिंगला बसवलं. पगार उशिरा, पण ट्रेनिंग वेळेवर. तिथे शिकवलं की समोरच्याच्या एखाद्या गोष्टीचं दर भेटीत मनापासून कौतुक करा. आता पुण्यात वाढलेल्या माणसाला कौतुक करायला सांगणं म्हणजे डावऱ्याला उजव्या हाताने जेवायला सांगण्यासारखं. आमच्या घरी जेवण उत्तम झालं की वडील म्हणायचे, "मीठ बरोबर आहे." पण नोकरीचा प्रश्न होता. मी म्हाताऱ्याला म्हणालो, "चाचा, यह थर्मास बहुत अच्छा है." निघताना थर्मास माझ्या गाडीत. पुढच्या वेळी लिंबांचं कौतुक केलं, तर गोणीभर लिंबं गाडीत. मी घरी येऊन बायकोला सांगायचो, "काय दिलदार माणसं आहेत गं! नुसतं तोंडातून निघायचा अवकाश." तोंडातून काढू नये, हे काही केल्या माझ्या डोक्यात आलं नाही.

बंदराच्या कोपऱ्यात, फायबरच्या होड्यांपासून जरा लांब, एक लाकडी होडी बांधलेली असायची. जुनी, तेल पिऊन काळीभोर झालेली, पुढच्या टोकाला, नाळेवर, कवड्यांची माळ. म्हाताऱ्याच्या बापाने बांधून घेतलेली. फायबरच्या होड्या त्याच्या धंद्याच्या, त्यावर बांगलादेशी माणसं कामाला. ही मात्र तो स्वतः चालवायचा. दर शुक्रवारी नमाजानंतर एकटाच तिच्यात बसून खोरात आत जायचा. आत, डोंगराच्या पोटात त्याचं जुनं गाव होतं. रस्ता नाही, होडीनेच जायचं. सगळे शहरात निघून गेल्याने रिकामं पडलेलं. तिथे त्याच्या आईबापाच्या कबरी, एक विहीर आणि थोडी खजुराची झाडं. झाडांना पाणी घालून तो संध्याकाळी परत यायचा.

आमच्या बॉसला ही होडी हवी होती. रिसॉर्टच्या लॉबीत, मध्यभागी, वरून दिवे सोडून ठेवायला. मंदीच्या आधीपासून त्याने किती वेळा माणसं पाठवली होती. म्हाताऱ्याने किंमत ऐकायलाही नकार दिला होता. मला हे सगळं माहीत होतं, म्हणजे मी गाफील होतो अशीही सबब नाही.

त्या दिवशी वारा पडलेला. पाणी थाळीसारखं. ती होडी आणि तिचं पाण्यातलं प्रतिबिंब. मी, शपथेवर सांगतो, ट्रेनिंग-बिनिंग सगळं विसरलो होतो. आठवडाभर छातीत जे काही धडधडत होतं ते क्षणभर थांबलं आणि तोंडातून निघून गेलं, "चाचा, क्या सुंदर नाव है! ऐसा नाव मैंने कभी देखा नहीं."

म्हातारा कॉफी ओतत होता. ओतता ओतता थांबला. मग पेला माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "पसंद है? तुम्हारा है."

आणि मी म्हणालो, "शुक्रिया."

एवढंच. एक शब्द. मला अजून आठवतं, शेजारी बसलेल्या दोन म्हाताऱ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं आणि मग एकदम जमिनीकडे. नोखदाचा चेहरा हलला नाही. त्याने खिशातून होडीच्या इंजिनाची किल्ली काढली, माझ्या टायशेजारच्या खिशात घातली आणि वर म्हणाला, "मुबारक." मी म्हणालो, "थँक्यू, थँक्यू." आपण इन्सल्ट केला नाही याचा मला केवढा आनंद!

पीआरओला सांगितलं तर त्याने कपाळावर हात मारला. "सार! वो तो बोलने का बात है. वो बोलेगा तुम्हारा है. आप बोलेगा नहीं नहीं, अल्लाह आपको मुबारक करे. बस, खलास. ऐसा कोई लेता है क्या?"

"तूच म्हणाला होतास ना, नाही म्हणायचं नाही?"

"मच्छी को, सार! मच्छी को!"

"मग आता परत देतो."

"अब कैसे देगा? बोलेगा मेरा देना इसको कम पड़ा. और बड़ा इन्सल्ट."

थोडक्यात, पोहता न येणारा, मासे न खाणारा, नोकरीचा भरवसा नसलेला एक पुणेकर एका लाकडी होडीचा मालक झाला होता. घरी सांगितलं तेव्हा बायकोने तुळशींना पाणी घालायचं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाली, "लोक परत जाताना काय काय नेतात. आपण होडी नेऊ."

मुलगी म्हणाली, "बाबा, दॅट्स स्टीलिंग."

"अगं, त्यानेच दिली."

"येस, बट ही डिडन्ट मीन इट."

चौदा वर्षांच्या पोरीला कळलं ते मला कळायला पीआरओ लागला.

आणि ऑफिसात? ऑफिसात मी हीरो. बॉसने मला मिठी मारली. "कमाल कर दिया, यार! दो साल से नहीं दे रहा था!" त्याला अबू धाबीत नवं युनिट काढायचं होतं, तिकडे अजून पैसा खेळत होता. गुंतवणूक करणारी पार्टी यायची होती. होडी आमच्या टॉवरच्या लॉबीत ठेवायची, पार्टीला दाखवायची, आणि मग होडीबरोबर मीही अबू धाबीला. "तेरी जगह पक्की, हबीबी. बस नाव ले आ."

म्हणजे मुलीची दहावी बंदरात दोरीला बांधलेली होती. मी फक्त 'हो' म्हणायचं होतं आणि ट्रक जाऊन उचलून आणणार होता.

मी 'हो' म्हणालो. मग 'पण' म्हणालो. पुढचे कित्येक आठवडे मी ऑफिसात नुसता 'पण' म्हणत होतो. पण लाकडाला कीड असेल, लॉबीत पसरेल. पण बंदराची परवानगी. पण क्रेन तिथपर्यंत जाईल का. रात्री बिछान्यात कूस बदलणं तर जाऊच द्या, मी दिवसाढवळ्या खुर्चीतल्या खुर्चीत कूस बदलत होतो. कारण एका शुक्रवारी तिकडे गेलो होतो आणि मी पाहिलं होतं, नोखदा एका फायबरच्या होडीत, आपल्याच नोकराच्या मागे, पाहुण्यासारखा हात मांडीवर ठेवून खोरात चालला होता. लाकडी होडीवरून जाताना त्याने मान दुसरीकडे केली.

मी पीआरओला विचारलं, "समजा, त्याने होडीचं कौतुक केलं तर? मग मला म्हणता येईल ना, तुम्हारा है?"

पीआरओने विचार केला. "हाँ सार. लेकिन वो करेगा नहीं. वो आपके जैसा नहीं है."

तो खरंच तसा नव्हता. मी जंग जंग पछाडलं. होडीच्या शेजारी कॉफी पीत बसायचो आणि म्हणायचो, "चाचा, यह नाव कैसी लगती है?"

"पुराना है," तो म्हणायचा. "लकड़ी गया. कीड़ा भी होगा." स्वतःच्या बापाच्या होडीबद्दल. ज्याला ती सगळ्यात जास्त हवी होती तोच माणूस तिला नावं ठेवत होता, कारण एक चांगला शब्द काढला असता तर ती मागितल्यासारखं झालं असतं. आणि हे करताना त्याचा हात आपोआप नाळेवरून फिरत असायचा. लक्षात आलं की तो हात मागे घ्यायचा.

मग मला वाटलं, होडी अशी काही नटवावी की त्याच्या तोंडून शब्द निघालाच पाहिजे. दुबईतल्या रास अल खोरला एका दुकानातून मी ऑइल पेंट आणला. दुकानदाराने विचारलं, "खिड़की के लिए?" मी म्हणालो, "हाँ, बड़ी खिड़की है." एक अख्खा शनिवार खपून मी होडी रंगवली. आकाशी म्हणून घेतलेला रंग उन्हात वाळल्यावर असा काही निळा झाला की बकऱ्या लांबून बघायला लागल्या. जोशात मी कवड्याही रंगवल्या होत्या.

नोखदा आला. होडीभोवती सावकाश फिरला. मी श्वास रोखून उभा.

"मुहंदिस," तो म्हणाला. मुहंदिस म्हणजे इंजिनिअर. मी बीकॉम, पण टाय लावणारा प्रत्येक हिंदुस्थानी माणूस त्याच्या लेखी मुहंदिस. "बहुत... नीला है."

पुढच्या आठवड्यात गेलो तर कवड्या पुन्हा पांढऱ्या. कुणी खरवडल्या ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

शेवटी एका बुधवारी बॉसने सांगून टाकलं. रविवारी ट्रक आणि क्रेन जाणार, मीही बरोबर जायचं, खलास. आता 'पण' उरला नव्हता.

नोकरीचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याच्या जिवाला घोर नको. होडी लॉबीत गेली नाही, म्हणून अबू धाबीत मी गेलो नाही. पण अबू धाबीत बॉसही गेला नाही. त्याला एका गुरुवारी वरून फोन आला आणि तो माझ्या आधी ड्रॉवर रिकामा करून गेला. त्याची खुर्ची घ्यायला मी उठलोसुद्धा नाही. पुढच्याच महिन्यात माझाही फोन वाजला. मग शारजात एसी दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत निम्म्या पगारावर लागलो. मुलीची दहावी झाली. हे सगळं नंतरचं. त्या शुक्रवारी मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की रविवारी ट्रक येणार, आणि नोखदाला तोंड दाखवायचं कसं.

शुक्रवारी मी बायकोला आणि मुलीला घेऊन गेलो. वाटेत काही ठरलं नव्हतं. बायकोला म्हणालो, "निदान एकदा आपल्या होडीत बसू." खरं म्हणजे मला एकट्याने जायची भीती वाटत होती.

"आपल्या," ती म्हणाली. "बरं."

होडी मला चालवता येत नव्हतीच. नोखदा म्हणाला, "मैं आता है," आणि सुकाणूपाशी बसला, पण मला आधी विचारून. "इजाज़त है?" स्वतःच्या बापाच्या होडीत चढायला माझी परवानगी! मी नुसती मान हलवली आणि किल्ली दिली. इंजिन सुरू करून त्याने ती लगेच माझ्या हातात परत दिली.

भिंतीच्या बाहेर पडलो आणि समुद्राने आम्हाला हातात घेतलं. त्या दिवशी वारा होता. होडी वर चढायची, थांबायची, विचार करायची आणि मग खाली आदळायची. मुलगी खिदळत होती. बायकोचा चेहरा आधी पिवळा, मग हिरवा. शारजाहून निघताना खाल्लेले पोहे तिने समुद्राला परत केले. तोंड पुसलं, वर पाहिलं, आणि सासर-माहेर दोन्हीकडून पुण्याची असलेली ती बाई, जिने जन्मात कुणाचं वाईट चिंतलं नाही पण कुणाला बरंही म्हटलं नाही, ती नोखदाला थेट म्हणाली,

"चाचाजी, बुरा मत मानना. यह नाव एकदम बेकार है."

मी डोळे मिटले.

"बैठने को जगह नहीं, सीधी चलती नहीं, और वास कितना मारती है! इससे तो वो प्लास्टिक की नाव अच्छी."

नोखदाने इंजिन बंद केलं.

होडी नुसती झुलत राहिली. इतके आठवडे तो स्वतः तिला नावं ठेवत होता. ते वेगळं. पण दुसऱ्याने ठेवायची, आणि वर प्लास्टिकशी तुलना!

"बेकार?" तो उभा राहिला. हलत्या होडीत, काही न धरता. "यह नाव? मदाम, यह लकड़ी मलबार का है. मेरा बाप खुद जा के लाया. तुम्हारा प्लास्टिक को धूप खाता है, पाँच साल में खलास. इसको समंदर ने कितना मारा, एक तख़्ता नहीं गया! एक साल तूफ़ान आया, बंदर का सब नाव टूटा. यह अकेला वापस आया. मेरा माँ इसमें बैठ के शादी कर के आया. सीधा नहीं चलता? आँख बंद कर के छोड़ो, यह खुद गाँव जाएगा! ऐसा नाव अभी कोई बना के दिखाए. पूरा खलीज में नहीं है, पूरा..."

आणि तो थांबला. आपण काय बोलून बसलो हे त्याला कळलं. त्याने माझ्याकडे पाहिलं.

आयुष्यात मी पहिल्यांदाच योग्य वेळी तोंड उघडलं. किल्ली खिशातून काढली, पुढे केली आणि म्हणालो, "चाचा, पसंद है? तुम्हारा है."

पाणी फळ्यांवर चुबुकचुबुक वाजत होतं. डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ आले होते, आम्ही बोलण्याच्या नादात वाहत वाहत खोराच्या तोंडात शिरलो होतो.

"बाबा," मुलगी कुजबुजली, "डिड यू जस्ट गिव्ह अवे द बोट?"

"गप्प बस."

नोखदा किल्लीकडे बघत होता. "मुहंदिस," तो सावकाश म्हणाला, "अभी मेरे को बोलने का है, नहीं, नहीं, अल्लाह तुमको मुबारक करे. दस्तूर है."

"मालूम है, चाचा. अब मालूम है."

"शरीफ़ आदमी लेता नहीं."

"नहीं लेता."

त्याने हात पुढे केला नाही. मला वाटलं, झालं. हा शरीफ माणूस आता शरीफपणे नाही म्हणणार, रविवारी ट्रक येणार, आणि मी जन्मभर... पण तो वाकला. ज्या फळीवर मी दोन हात निळा रंग चढवला होता तिच्यावर त्याने तळवा ठेवला. नखाने एक पापुद्रा काढला. खालचं काळं लाकूड दिसलं. तेवढ्याच तुकड्याकडे तो बघत राहिला.

"मैं नहीं बोलता," तो म्हणाला, आणि माझ्या हातातून किल्ली घेतली. माझ्याकडे न बघता, जरा घाईनेच, एखाद्या पोराने खाऊ घ्यावा तशी. शरीफपणा सोडल्याची लाज त्याच्या कानापर्यंत चढली होती. किल्ली दोनदा खिशाबाहेरच पडली, तेव्हा कुठे आत गेली.

बायको माझ्याकडे बघत होती. ती मुद्दाम बोलली होती का, हे मी तिला पुढे पुष्कळदा विचारलं. ती म्हणते, "मला काय, मळमळत होतं." यापलीकडे ती कधी काही बोललेली नाही.

नोखदाने किल्ली पुन्हा बाहेर काढून इंजिन सुरू केलं. होडी वळली, आणि खरंच, त्याने सुकाणू धरल्यासारखं करून नुसतं सोडून दिलं होतं. आत पाणी शांत होतं. लांब एका घळीत खजुराच्या काही झाडांचा हिरवा ठिपका दिसायला लागला. बायकोच्या चेहऱ्याला रंग आला. मी मागे रेललो, पाय लांब केले, बऱ्याच दिवसांनी.

"ए!" मागून आवाज आला.

मी दचकून वळलो. नोखदा माझ्या पायांकडे बोट दाखवत होता. आवाज बदलला होता त्याचा. गोदीतल्या हमालांवर ओरडायचा तसा.

"जूता! जूता निकालो! सब लोग! लकड़ी है यह, रस्ता नहीं है!"

आम्ही तिघं मुकाट्याने वाकून बूट काढायला लागलो. बायकोने चपलेचा पट्टा सोडता सोडता मला हळूच विचारलं, "आणि इतका वेळ बरे चालत होते ते?"

"इतका वेळ आपली होती ना," मी म्हणालो.